चुकायची सोय

(विद्यानगर, हैदराबाद येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, ते सर मला आठवी ते दहावी गणित शिकवत. त्यांची एक खोड होती. फळ्यावर उदाहरण सोडवताना ते मधेच कुठेतरी एक चूक पेरून ठेवत. ती ज्याला सापडेल त्याला खिशातली लिमलेटची गोळी मिळे. वर्षभरात आम्ही फळ्याकडे जकात नाक्यावरच्या शिपायासारखे पाहायला शिकलो. एकदा शेवटच्या बाकावरचा एक मुलगा भीत भीत उठला आणि म्हणाला, "सर, चौथ्या ओळीत उणे चिन्ह राहिलं." सर फळ्याकडे वळले. बराच वेळ पाहत राहिले. मग खिशात हात घालून म्हणाले, "ही मी मुद्दाम केलेली नव्हती. तू दोन घे."

संयोजकांनी मला विषय दिला तो असा : 'विज्ञानातील संशोधन, जनुकशास्त्रापासून कार्यालयातील नेतृत्वापर्यंत'. घरी सांगितले तेव्हा सौ. म्हणाल्या, "म्हणजे चिवडाच की." चिवडा खरा, पण सगळ्याला फोडणी एकच आहे. मी जन्मभर संख्याशास्त्र शिकवले. माझ्याकडे कुणी ज्वारीच्या वाफ्यांचे आकडे घेऊन येई, कुणी रक्ताच्या तपासणीचे, कुणी गिरणीतल्या हजेरीपटाचे. यातल्या एकाही विषयाचा मी जाणकार नव्हतो. मी प्रत्येकाला एकच विचारायचो : "तुझं म्हणणं चूक असेल, तर ते तुला कळणार कसं?" याचे उत्तर ज्याच्यापाशी असे त्याचे काम संशोधन. ज्याच्यापाशी नसे त्याचे काम, कितीही जाड बांधणीचे असले तरी, नुसते मत. संशोधन म्हणजे स्वतःच्या चुकायची सोय करून ठेवणे, एवढेच मला आज सांगायचे आहे. आणि त्यासाठी फार लांब जायला नको.

आपल्या विद्यानगरच्या स्टेशनावरून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसलात, की जामई उस्मानिया, आर्ट्स कॉलेज, सीताफळमंडी ही स्टेशने लागतात. या एवढ्याशा पट्ट्याच्या आसपास राष्ट्रीय पोषण संस्था आहे, उस्मानिया विद्यापीठ आहे, आणि तारनाक्यावरून उप्पलकडे वळलात तर रासायनिक तंत्रज्ञान, भूभौतिकी आणि पेशीजीवशास्त्र यांच्या राष्ट्रीय प्रयोगशाळा एकीला एक लागून आहेत. काचीगुड्याला मनमाडची गाडी धरताना आपण या सगळ्यांवरून जातो. आज थोडे उतरून पाहू.

पहिला मुक्काम बेगमपेठ. रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर. हिवताप डासांमुळे पसरतो, या कल्पनेचा पाठलाग तो दोन वर्षे करत होता. शेकडो डास फाडून पाहिले, हाती काही नाही. कारण साधे होते, डासांची जातच चुकीची होती. १८९७च्या ऑगस्टमध्ये त्याला पंखांवर ठिपके असलेले निराळे डास मिळाले. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला त्याने मच्छरदाणीत झोपवले आणि डास आत सोडले. दर चावणाऱ्या डासामागे त्याला एक आणा दिला. २० ऑगस्टला अशा एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉसला काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या.

इथे बहुतेक जण गोष्ट संपवतात. माझ्या लेखी खरी गोष्ट दुसऱ्या दिवशीची आहे. त्याच तुकडीतला एक डास अजून शिल्लक होता. रॉसने तो २१ तारखेला फाडला. पेशी तिथेही होत्या, आणि कालच्यापेक्षा मोठ्या होत्या. नुसता डाग असता तर तो रातोरात वाढला नसता. वाढते ते जिवंत. आदल्या दिवशीचा आनंद खोटा ठरण्याची पूर्ण संधी त्या एका डासाला होती. ती त्याला दिली गेली, म्हणून २० ऑगस्ट या तारखेला अर्थ आला. आणि या शोधानंतर थोड्याच दिवसांत वरिष्ठांनी काय केले? साहेबांची बदली राजपुतान्यात खेरवाड्याला केली. पुढचे काम त्याला कलकत्त्यात, पक्ष्यांच्या हिवतापावर करावे लागले. १९०२ साली नोबेल मिळाले. विषयातला 'कार्यालयातील नेतृत्व' हा भाग असा पहिल्याच मुक्कामाला भेटतो.

दुसरा मुक्काम आपल्या ताटातला. पोषण संस्था मूळची कुन्नूरची, १९१८ची. १९५८ मध्ये ती हैदराबादला आली. पेलाग्रा नावाचा आजार आहे. उन्हाला उघडी पडणारी कातडी काळपट-लाल होते, गळ्याभोवती तर हार घातल्यासारखा पट्टा उमटतो. मग जुलाब, मग डोक्यावर परिणाम. हा मका खाऊन जगणाऱ्या गरिबांचा आजार, नायसिन या जीवनसत्त्वाच्या तुटीचा, हे जगाला ठाऊक होते. पण हैदराबादच्या आसपास तो ज्वारी खाणाऱ्यांत दिसत होता. मक्याला लावलेले स्पष्टीकरण ज्वारीला नीट लागू पडेना. १९६० मध्ये सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 'लॅन्सेट'मध्ये मांडले की ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल फार असते आणि ते नायसिनच्या कामात बिघाड करते.

आता आपण भाकरी खाणारी माणसे. आपल्याला हे ऐकून दचकायला होते. पण दचकण्याआधी पुढचे ऐका. ज्याच्या ताटात भाकरीबरोबर वरण, भाजी, ताक आहे, त्याला हा आजार होत नव्हता. ज्याच्या ताटात भाकरी, मिरची आणि पुन्हा भाकरीच होती, त्याला होत होता. ल्युसिनचे हे म्हणणे इतरांनी तपासले. कुठे जुळले, कुठे जुळले नाही, आणि वाद अनेक वर्षे चालला. मला त्यात कमीपणा दिसत नाही. म्हणणे अशा बेताने मांडले होते की दुसऱ्याला ते भांड्यात घालून, मोजून, खोडता यावे.

याच गोपालनांची आणि आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या पां. वा. सुखात्मे यांची गोष्टही इथेच सांगतो. सुखात्मे संख्याशास्त्रज्ञ, रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत वर्षानुवर्षे काम केलेले. जग जेव्हा 'गरिबांना प्रथिने कमी पडतात' म्हणत प्रथिनांच्या पुड्या वाटायला निघाले होते, तेव्हा दोघांचेही आकडे सांगत होते की आधी पोटभर अन्नच कमी पडते आहे. इथवर दोघे एका बाजूला. पुढे सुखात्म्यांनी मांडले की माणसाचे शरीर एका मर्यादेत कमी-जास्त अन्नाशी जुळवून घेते. म्हणून सरासरी गरजेच्या खालच्या प्रत्येकाला कुपोषित धरणे चूक. गोपालनांनी कडाडून विरोध केला. हे जुळवून घेणे फुकट होत नसते, मुलाच्या उंचीतून आणि मोठेपणीच्या कामाच्या ताकदीतून त्याची वसुली होते, असे त्यांचे म्हणणे. पुण्यात वि. म. दांडेकरही सुखात्म्यांच्या विरोधात उभे राहिले. तिघेही विद्वान, तिघांनाही गरिबाची कळकळ, आणि भांडण छापील, आकड्यांनिशी, सर्वांसमोर. आपल्याकडे मतभेद झाला की माणसे बोलणे टाकतात. इथे मतभेद झाला म्हणून माणसे लिहीत राहिली.

तिसरा मुक्काम जनुकांचा, पण त्याची वाट बर्लिनवरून आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे तिथे मानवशास्त्र शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे संस्थेचे प्रमुख, मोठे नाव. फिशर यांची कल्पना अशी की युरोपीय माणसाची बुद्धी वरचढ, आणि त्याचा पुरावा कवटीच्या दोन बाजूंच्या असमानतेत सापडेल. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सापडली, पण तिचा वंशाशी काही संबंध सापडला नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, आपली पदवी ज्यांच्या हातात त्यांचेच आवडते म्हणणे खोटे ठरते, हे या पंचविशीच्या आतल्या बाईने प्रबंधात लिहून दिले. फिशर यांच्या विचारांनी पुढे नाझींच्या वंशकायद्यांना बळ दिले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मोजपट्टीचे वजन कळते.

पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी महाराष्ट्रातल्या माणसांची मापे घेतली. १९६८ मध्ये त्यांचा आणि कैलाश मल्होत्रा यांचा एक निबंध आला : महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांच्या आठ पोटजातींची शारीरिक तुलना. एकच मूळ जात फुटत फुटत पोटजाती झाल्या, हा सर्वसाधारण समज. मापे सांगत होती की तसे दिसत नाही. एका नावाखाली बसलेली माणसे वेगवेगळ्या मुळांची असू शकतात. तेव्हा हाती मोजपट्टी आणि रक्तगट होते. डीएनए वाचायला अजून वेळ होता.

तो इथे, हबसीगुड्याजवळच्या पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात वाचला गेला. केंद्राची सुरुवात १९७७ची, पुष्प भार्गव यांच्या हाताची. तिथल्या लालजी सिंग यांनी मण्यार जातीच्या सापाच्या डीएनएवर काम करताना मिळालेल्या धाग्यातून पुढे माणसाच्या डीएनए ठशांची भारतीय पद्धत उभी केली. सापाच्या अभ्यासाचा उपयोग काय, असे तेव्हा कुणी विचारले असते तर त्यांनाही सांगता आले नसते. नंतर त्या ठशांनी न्यायालयांत बापाची ओळख पटवली.

२००९ मध्ये लालजी सिंग, के. थंगराज आणि अमेरिकेतील डेव्हिड राइख यांच्या गटाने २५ समूहांतल्या १३२ भारतीयांचा डीएनए तपासून सांगितले की आपल्यापैकी बहुतेक जण दोन प्राचीन समूहांच्या मिश्रणातून आलो आहोत. दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, ५२३ प्राचीन माणसांच्या अवशेषांतला डीएनए हाती आला, आणि दोनांचे चित्र अपुरे ठरले. मुळे आणखी गुंतागुंतीची निघाली. हे दुरुस्त करणाऱ्यांत थंगराज आणि राइख स्वतः होते. त्याच वर्षी डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांचा राखीगढीचा निबंध आला. तिथल्या ६१ नमुन्यांपैकी फक्त एका स्त्रीच्या हाडाने उत्तर दिले. साठ वेळा हात रिकामा. हा रिकामा हात निबंधात लिहिलेला आहे, हे मला त्या उत्तराइतकेच मोलाचे वाटते.

हे सगळे इतिहासाचे झाले. दवाखान्यात त्याचा काय उपयोग? आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात काही जणांच्या रक्तात एक विकर कमी असते. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करायला देतात त्यातले एक औषध इतरांच्या अंगातून काही मिनिटांत उतरते. यांच्या अंगात ते तासन्‌तास राहते आणि श्वास थांबू शकतो. हे औषध देण्यापूर्वी जाणता भूलतज्ज्ञ त्यांना समाज विचारतो तो जातीसाठी नव्हे, जिवासाठी. कारण असे की मोजक्या पूर्वजांपासून वाढलेला समूह शेकडो वर्षे आपसातच लग्ने करत राहिला, की एखादा दोष पुन्हा पुन्हा दोन्हीकडून येतो. २०१७ मध्ये थंगराज आणि सहकाऱ्यांनी भारतीय उपखंडातल्या २६० हून अधिक समूहांचा अभ्यास छापला. त्यात ८१ समूह असे निघाले की त्यांच्यावरचा हा परिणाम युरोपातल्या ज्यू आणि फिनिश लोकांपेक्षाही तीव्र आहे. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या मराठवाड्यात आहे, तेलंगणातही आहे. त्यावर मी इथे प्रवचन देणार नाही. एवढेच म्हणतो की पत्रिकेतली नाड जुळवणाऱ्या घराने एकदा रक्तही तपासून घ्यावे.

आता शेवटचा आणि अवघड मुक्काम : कार्यालय. अवघड अशासाठी की डासाला आपण पाहिले जातोय हे कळत नाही, माणसाला कळते. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून दिव्यांचा उजेड कमी-जास्त करून कामगारांचे काम मोजले गेले. उजेड वाढवला तरी काम वाढले, कमी केला तरी वाढले, कारण आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतेय. अशी दंतकथा त्यातून जगभर पसरली. मूळचे आकडे पुष्कळ वर्षांनी पुन्हा तपासले गेले, तेव्हा दंतकथेएवढे त्यांत काही निघाले नाही. नेतृत्वावरची पुस्तके अशा कथांवर पोसलेली असतात. साहेब यशस्वी झाला, साहेब पहाटे चारला उठतो, म्हणून चारला उठा. चारला उठूनही बुडालेल्या साहेबांची यादी कुणी केलेली नसते.

म्हणून मला पालघर जिल्ह्यातला एक प्रयोग फार आवडतो. तारापूर आणि शेजारच्या गुजरातेतले उंबरगाव इथल्या कापड विणणाऱ्या १७ कंपन्या. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या काही कारखान्यांना चार-पाच महिने व्यवस्थापनाचा सल्ला फुकट दिला, आणि काहींची फक्त पाहणी केली. कुणाला काय मिळणार हे नशिबावर सोडले. सल्ला काही अचाट नव्हता : माग बंद पडला तर कारण लिहा, सुताचा साठा मोजा, कापडात दोष कुठे आला त्याची नोंद ठेवा, रोज सकाळी ती नोंद घेऊन एकत्र बसा. पहिल्या वर्षात सल्ला मिळालेल्या कारखान्यांची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. २०१३ मध्ये हे छापून आले.

मग हे मालकांनी आधीच का केले नव्हते? लबाडी नव्हे, आळसही नव्हे. आपला माल इतरांइतकाच चांगला आहे, अशी त्यांची खात्री होती. आणि ती खात्री खोटी पाडणारी वहीच कारखान्यात नव्हती. दुसरी गोष्ट आणखी बोलकी. कंपनी किती वाढणार हे बऱ्याच अंशी मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती आहेत यावर ठरत होते. बाहेरच्या माणसावर विश्वास टाकायचा नाही, म्हणून जितकी मुले आणि भाऊ तितकेच कारखाने. संशोधक काही वर्षांनी परत गेले, तेव्हा बसवलेल्या पद्धतींपैकी निम्म्याच्या आसपास गळून गेल्या होत्या. तरीही सल्ला न मिळालेल्यांपेक्षा हे पुढेच होते. म्हणजे सवय लागते, आणि सुटतेही. हेही त्यांनी छापले.

आता जनुकशास्त्र आणि कार्यालय ही दोन टोके एकमेकांना बांधतो. रशियात निकोलाय वाव्हिलोव याने जगभर हिंडून पिकांच्या बियाण्यांचा केवढा साठा केला होता. लायसेंको या सत्तेच्या लाडक्या माणसाला जनुकशास्त्र मान्य नव्हते. वाव्हिलोव १९४३ मध्ये तुरुंगात मेला, आणि १९४८ मध्ये तिथे जनुकशास्त्र अधिकृतपणे मोडीत निघाले. एका देशाची विद्या सूक्ष्मदर्शकाच्या उणिवेने बुडाली नाही. वरच्याला 'तुझे चुकते' म्हणण्याची सोय राहिली नाही, म्हणून बुडाली. जनुकशास्त्रापासून नेतृत्वापर्यंतचे अंतर एवढेच आहे. चांगली प्रयोगशाळा चालवणे आणि चांगले कार्यालय चालवणे ही दोन कौशल्ये नव्हेत.

हैदराबादला हे माहीत होते. १९५६ मध्ये इथे भारतीय प्रशासकीय महाविद्यालय निघाले, सरकारी आणि खाजगी वरिष्ठांना एकत्र बसवून शिकवणारे. जागा बेलाव्हिस्टा, निजामाच्या थोरल्या मुलाचा महाल. तो मुलगा 'प्रिन्स ऑफ बेरार', म्हणजे आपल्या वऱ्हाडचा राजपुत्र म्हणवला जाई. पहिले प्राचार्य जनरल श्रीनागेश, जन्म कोल्हापूरचा, नुकतेच सेनाप्रमुखपदावरून उतरलेले. हुकूम देण्यात हयात गेलेल्या माणसाला चर्चेच्या टेबलाशी बसवले, ही कल्पनाच मला मोठी वाटते.

या महाविद्यालयाच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपद पुढे ज्यांनी भूषवले, त्यांचे नाव विद्यानगरात सांगायला नको. इथे दुर्गाबाई देशमुखांचे रुग्णालय आहे. त्यांचे पती चिंतामणराव. रायगडातल्या नाते गावचा हा माणूस केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकला, १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक घेऊन आला. मग आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष, अर्थमंत्री. आपल्याला ते आठवतात १९५६च्या राजीनाम्यासाठी. मुंबई महाराष्ट्राला न देण्याचा निर्णय, ही एक तक्रार. दुसरी तक्रार आपण विसरतो : एवढा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता जाहीर झाला, हे त्यांनी लोकसभेत उभे राहून सांगितले. देशातल्या सर्वांत लोकप्रिय माणसाला, म्हणजे पंतप्रधानांना, त्यांच्याच सभागृहात. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने आयुष्यभर जपलेली ही सवय होती, असे मला वाटते. ते वारले १९८२ मध्ये, याच शहरात.

श्रोत्यांत तारनाक्याच्या प्रयोगशाळांत काम करणारी मुले दिसतात, हायटेक सिटीतलीही दिसतात. त्यांच्या हाताखाली आज-उद्या माणसे येतील. त्यांना माझे एकच मागणे. सोमवारच्या बैठकीत सर्वांत धाकट्याला आधी बोलू द्या. 'माझं कुठं चुकतंय' असे विचारा आणि मग, हे सर्वांत कठीण आहे, गप्प बसा.

रॉसने एका डासाला एक आणा दिला. आमच्या सरांचा भाव एका चुकीला एक लिमलेटची गोळी होता, आणि चूक त्यांची स्वतःची निघाली तर दोन. आपला भाव काय, तो ज्याने त्याने घरी गेल्यावर आपापल्या खिशात हात घालून पाहावा.